कान तुमचा, निकाल त्यांचा

इअरफोनची तुलना करून ‘यंदाचे सर्वोत्तम दहा’ जाहीर करणाऱ्या माणसाकडे बहुतेक सगळं असतं. दहा डब्या असतात, कॅमेरा असतो, पाठीमागे निळा-जांभळा दिवा असतो आणि एका मिनिटात ‘साउंड सिग्नेचर’ हा शब्द चार वेळा उच्चारण्याचा दमही असतो. नसतो तो फक्त तुमचा कान. ही उणीव टीव्ही किंवा फ्रिजच्या बाबतीत खपून जाते, कारण फ्रिज कुणाच्या अंगात शिरत नाही. इअरफोन शिरतो. कानाच्या नळीत जाऊन बसला की त्याचा आवाज नुसता त्याचा राहत नाही. निम्मं यंत्र कंपनीने बनवलेलं आणि निम्मं आईवडिलांकडून आलेलं, असा एक संयुक्त प्रकल्प सुरू होतो. समीक्षक तपासतो तो त्याचा प्रकल्प, आणि पैसे मोजून तुम्ही सुरू करता तो तुमचा. दुसऱ्याच्या पायात घालून बघितलेली कोल्हापुरी आपण घेत नाही, पण दुसऱ्याच्या कानात घालून बघितलेला इअरफोन मात्र डोळे झाकून मागवतो. रोजच्या वापराच्या इअरफोनची तुलना करताना आवाजाच्या बारकाव्यांवर जेवढी चर्चा झडते, तिच्यातली बरीचशी टोकाला लावलेल्या रबराच्या टोपीवर व्हायला हवी, असं माझं म्हणणं आहे. ती टोपी दोन-पाच रुपयांची दिसते म्हणून तिच्याबद्दल बोलणं कुणाला भारदस्त वाटत नाही, एवढीच अडचण.

प्रौढ माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. आतल्या टोकाला पडदा, बाहेरचं टोक उघडं. अशी नळी ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपला आपण वाढवते आणि मेंदूला जन्मापासून त्याची सवय असते. इअरफोन घालणं म्हणजे उघड्या टोकाला बूच मारणं. ही निसर्गदत्त वाढ त्यामुळे बिघडते, आणि तिची भरपाई इंजिनिअरला इअरफोनच्या आवाजातच आधीपासून करून ठेवावी लागते. ही भरपाई तो अर्थातच एका सरासरी कानासाठी करतो. सरासरी कान असलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. कुणाची नळी रुंद, कुणाची वळणाची, आणि एकाच डोक्याचे दोन कानही एका मापाचे असतील याची खात्री नाही. हे झालं वरच्या सुरांचं. खालच्या सुरांचं, म्हणजे ज्याला दुकानदारापासून दहावीतल्या मुलापर्यंत सगळे ‘बेस’ म्हणतात त्याचं, गणित याहून नाजूक. इअरफोनच्या आतला पडदा काही मिलीमीटरचा. त्याच्याकडून खोली हादरवण्याची अपेक्षा नसतेच. कानात कोंडलेली चिमूटभर हवा त्याने हलवली की काम झालं. पण ती हवा खरोखर कोंडलेली असावी लागते. रबर आणि कातडी यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली की हवा निसटते आणि बेस तिच्याबरोबर निघून जातो. बाकी सगळं ऐकू येत राहतं, त्यामुळे आपलं काही चुकतंय असं कुणाला वाटतच नाही. दोष थेट कंपनीला दिला जातो आणि तारे कापले जातात.

हे पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही, तबला पुरतो. हौशी ऑडिओवाले जगभर चाचणीसाठी ईगल्सचं १९९४ च्या मैफलीतलं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ लावतात आणि त्यांचं पाहून आपल्याकडचेही लावतात. हरकत काही नाही, पण घरात तबल्याची जोडी असताना एवढं लांब जायचं कशाला? डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला घुमारा म्हणजे खालचा सूर, आणि तबल्याच्या चाटेवर तर्जनीने वाजवलेला ‘ना’ म्हणजे वरचा, लखलखीत. मधल्या शाईमुळे आपल्या चर्मवाद्याला नेमका स्वर कसा मिळतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच जगापुढे मांडलेलं आहे, तेव्हा वाद्याच्या शास्त्रीय प्रतिष्ठेची काळजी नको. विलंबित त्रिताल लावा आणि नुसता ‘धा’ ऐका. ‘धा’मध्ये दोन्ही हात असतात: उजव्याचा ‘ना’ आणि डाव्याचा ‘घे’. टोपी ढिली असेल तर ‘घे’ फटीतून पळतो आणि ‘धा धिं धिं धा’चं ‘ना तिं तिं ना’ होतं. त्रितालात नवव्या मात्रेला खाली येते, तिथे डग्ग्याचा घुमारा बंद व्हावा अशी शास्त्राची आज्ञा आहे. पण ढिल्या टोपीच्या माणसाला सोळाच्या सोळा मात्रा खालीच ऐकू येतात आणि तबलजी डावा हात घरी विसरून आला की काय, अशी शंका येते. आता इअरफोनवर बोट ठेवून तो हलकेच आत दाबा. डग्गा जागेवर आला, तर इअरफोन निर्दोष सुटला आणि टोपी गुन्हेगार ठरली. उलट्या बाजूचे नमुनेही याच चाचणीत पकडले जातात. ‘एक्स्ट्रा बेस’वाल्या जोडीत डग्गा इतका ऐसपैस पसरतो की ‘ना’लासुद्धा पोट सुटतं, आणि गायिका शेजारच्या फ्लॅटमध्ये रियाज करत असावी असं वाटतं.

संशोधकांना हे चांगलं माहीत आहे. हरमन कंपनीच्या शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये कानात घालायच्या ३० मॉडेलांची तुलना ७१ श्रोत्यांकडून करून घेतली. श्रोत्यांना ती ३० मॉडेलं प्रत्यक्ष दिलीच नाहीत. एकच उत्तम इअरफोन सगळ्यांच्या कानात बसवून त्यातून बाकीच्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल ऐकवली. म्हणजे डबीचा रंग, कंपनीचं नाव आणि किमतीचा आकडा या तीन गोष्टींना ऐकण्यात तोंड घालायला वावच ठेवला नाही. आणि हे करताना प्रत्येक श्रोत्याच्या कानात फट राहिली आहे का, हे मोजून ती आधी बंद केली. घरी बसून सर्वोत्तम दहा ठरवणारे नेमकी हीच पायरी गाळतात. ती गाळल्यावर जे उरतं त्याला तुलना म्हणता येतं, पण ती समीक्षकाच्या कानातल्या फटींची तुलना असते. तोंड घालणाऱ्या गोष्टींचा प्रताप ऑलिव्ह आणि फ्लॉइड टूल यांनी १९९४ मध्येच स्पीकरवर दाखवून दिला होता: तेच श्रोते, तेच स्पीकर, पण समोर दिसत असताना दिलेले गुण वेगळे आणि पडद्याआड दिलेले वेगळे. माणूस डोळ्यांनी किती ऐकतो, हे तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे.

इथे पहिला आक्षेप येतो तो किमतीचा. वीस हजारांचा इअरफोन आणि हजाराचा इअरफोन यांत काहीच फरक नाही असं म्हणायचंय का? तसं म्हणायचं नाही. पण फरक कुठे आहे ते बघायला हवं. जेरोन ब्रीबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोन आणि इअरफोन मोजून पाहिले, तेव्हा खालपासून वरपर्यंतचे सूर किती समतोल वाजतात याचा विक्रीच्या किमतीशी काही संबंध आढळला नाही. म्हणजे आवाजाचा तोल पैशाने येत नाही. तो बसवणाऱ्याच्या अकलेने येतो आणि अक्कल स्वस्त वस्तूतही कधीकधी चुकून पडते. जास्त पैशात मिळतं ते दुसरंच. बरा माइक, बरं नॉइज कॅन्सलेशन, मजबूत बिजागरीची डबी, आणि मीटिंगमध्ये टेबलावर डबी ठेवल्यावर शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर उमटणारी छटा. यातल्या शेवटच्या गोष्टीचं मोल कमी लेखू नये, कारण बरेच लोक तिच्यासाठीच पैसे मोजतात. आपल्या बाजारात तर किंमत हा पुरावा म्हणून मुळातच निकामी आहे. छापील किंमत ४,९९०, विक्री ९९९, आणि हा ऐंशी टक्क्यांचा सणासुदीचा त्याग बाराही महिने चालू. यातला कुठला आकडा दर्जाचा समजायचा?

दुसरा आक्षेप अनुभवी माणसाचा: ‘ते सगळं ठीक आहे हो, पण मला फरक ऐकू येतो.’ येत असेलच. फ्लेचर आणि मन्सन या बेल प्रयोगशाळेतल्या दोघांनी १९३३ मध्ये दाखवलं, की आवाज लहान असताना खालचे सूर आपल्याला कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की ते भरून येतात. म्हणून दोन इअरफोनपैकी एक जरा मोठ्याने वाजत असला, की तो भरदार, खुला आणि ‘डिटेल’वाला वाटतो. त्याचं कर्तृत्व एवढंच, की तो व्हॉल्यूमची एक पायरी जास्त चढला. दोन्हींचा आवाज मोजून सारखा केल्याशिवाय केलेल्या तुलनेत जो मोठ्याने बोलतो तो जिंकतो. ही पद्धत आपल्याकडे टीव्हीवरच्या चर्चांत रूढ आहेच, ती इअरफोनला लावण्याचं कारण नाही. याच माणसाचा पुढचा सल्ला असतो, की नवा इअरफोन २०० तास वाजू द्या, मग तो ‘खुलतो’. रोज दोन तास ऐकणाऱ्याला हे शंभर दिवसांचं व्रत झालं. शंभर दिवसांत इअरफोन खुलो न खुलो, कान त्याला नक्की सरावतो, आणि परत करायची सात दिवसांची मुदत त्याच्याही कितीतरी आधी संपते. दुकानदाराला या सल्ल्यात काही खटकत नाही, यात नवल नाही.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो आकड्यांचा आहे. शब्दांवर विश्वास नको तर आलेख बघा. मोजमाप तर खोटं बोलत नाही. खरंच बोलत नाही, आणि ‘उबदार’, ‘मखमली’, ‘हवेशीर’ असल्या विशेषणांपेक्षा आलेख शंभर पटींनी प्रामाणिक आहे. पण हा आलेख काढतात कशात? धातूच्या एका छोट्या नळकांड्यात. त्याचं प्रमाण १९८१ मध्ये ठरलं, ७११ या क्रमांकाने, आणि आलेखवाली मंडळी त्याला प्रेमाने ‘सातशे अकरा’ म्हणतात. नळकांड्याला घाम येत नाही, ते जांभई देत नाही, फोनवर बोलताना त्याचा जबडा हलत नाही. त्याच्यात इअरफोन एकदा बसवला की तो सरकत नाही, फटही राहत नाही. वरच्या पट्टीत, ८,००० हर्ट्झच्या पुढे, तर इअरफोन किती आत ढकललाय यावर रेघेचा डोंगर इकडचा तिकडे होतो. म्हणजे आलेख सांगतो ते एवढंच: टोपी नीट बसली तर हा इअरफोन असा वाजेल. त्यातल्या ‘तर’ची जबाबदारी वाचणाऱ्यावर आहे आणि ती आलेखात कुठल्याच रंगाच्या रेघेने दाखवलेली नसते.

आणि हे सगळं संगीताबद्दल झालं. रोजचा वापर म्हणजे संगीत, ही समजूत समीक्षकांनी कुठून उचलली कोण जाणे. आपल्याकडे रोजचा वापर म्हणजे ‘आवाज येतोय का?’ हे वाक्य. त्याच्यानंतर व्हॉट्सअॅपवर आलेली नातेवाइकांची व्हिडिओक्लिप, रात्री सगळे झोपल्यावर बघायची मालिका, स्वयंपाक करताना लावलेलं कीर्तन, आणि मग उरलाच वेळ तर गाणं. डबीवर एलडॅक या कोडेकची ९९० किलोबिटांची बढाई मारलेली असते, पण ब्लूटूथवर फोन सुरू होऊन माइक लागला की अजूनही बहुतेक जोड्या संगीताचा मार्ग सोडून बोलण्याच्या अरुंद मार्गाला लागतात. तिथे आवाजाचे सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुने घेतले जातात, गाण्याच्या सीडीत ४४,१०० असतात. दिवसातले जे दोन तास तुम्ही साहेबांचं ऐकता, त्या दोन तासांत महागातल्या महाग इअरफोनचंही रूपांतर बऱ्यापैकी टेलिफोनात झालेलं असतं. तिथे प्रश्न असतो तो पलीकडच्याला तुमचं बोलणं कळतं का हा. त्याचं उत्तर तुम्हाला स्वतःला कधीच ऐकू येत नाही, म्हणून विकत घेतल्या दिवशी एक फोन अशा माणसाला करावा ज्याला स्पष्ट बोलायची सवय आहे. बहुतेक घरांत अशी आत्या असते.

डबीवरच्या अक्षरांचाही एक खेळ इथेच उरकून घेऊ. ‘एएनसी’ म्हणजे बाहेरचा गोंगाट तुमच्या कानात कमी होणं. ‘ईएनसी’ म्हणजे तुमच्या भोवतालचा गोंगाट पलीकडच्या माणसाच्या कानात कमी होणं. दुसरी परोपकारी सोय पहिल्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात बसवता येते, म्हणून स्वस्त डब्यांवर ती ठळक छापतात. गिऱ्हाईक शांततेच्या अपेक्षेने घरी येतं आणि शांतता आत्याला मिळते. खरं नॉइज कॅन्सलेशन घेतलं तरी ते कशासाठी जन्माला आलं ते आठवावं. अमर बोस यांना ती कल्पना १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानात सुचली. विमानाची घरघर एकसुरी, खालच्या पट्टीतली, पुढच्या क्षणी काय असेल याचा अंदाज देणारी. तिच्या बरोब्बर उलट लहर सोडून तिला मारता येतं. एसी, पंखा, बसचं इंजिन यांनाही. रिक्षाचा हॉर्न, भाजीवाल्याची हाक, कुकरची शिट्टी आणि शेजारच्या सीटवरचा स्पीकरफोन यांच्यापुढे मात्र हे तंत्र हात टेकतं, कारण हे आवाज वरच्या पट्टीतले आणि अवचित येणारे. बिगर-एसी लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली तर आणखीच मजा. वारा इअरफोनच्या बाहेरच्या माइकवर आदळतो, यंत्र त्यालाच गोंगाट समजून त्याच्याशी झुंजायला लागतं आणि शांततेऐवजी कानात फडफडणारी ताडपत्री मिळते. वरच्या पट्टीतले आवाज अडवणारी एकच वस्तू त्या डबीत असते, आणि ती पुन्हा तीच रबराची टोपी. तिला चार्जिंग लागत नाही.

टोपीचा मुद्दा एवढा लावून धरण्याचं गंभीर कारणही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा घातली आहे, आणि दर तीन डेसिबलमागे वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० च्या आसपास चार. डेसिबल मोजत कुणी गाणं ऐकत नाही. आपण बाहेरच्या गोंगाटाच्या वर येईल इतका आवाज वाढवतो. फट असली की बाहेरचं आत येतं आणि आतला बेस बाहेर जातो, म्हणजे आवाज वाढवायला एकदम दोन कारणं मिळतात.

शेवटचा आक्षेप मला पटणारा आहे. कान घट्ट बंद केले की आपलाच आवाज डोक्यात घुमतो, पाऊल टाकलं की धप्प, आणि चकली खाल्ली तर पाडकाम चालू असल्याचा भास. हे खरं आहे, आणि काही लोकांना ते अजिबात सोसत नाही. रस्त्याने चालणाऱ्याला, रूळ ओलांडणाऱ्याला तर कान बंद असणं थेट घातक. अशांनी कानाच्या दारातच टेकणारे, टोपी नसलेले इअरफोन घ्यावेत, बेस कमी मिळेल हे मान्य करावं आणि रूळ ओलांडताना तेही काढावेत. पण हाही निर्णय कान आणि सवय बघून होतो; यादीत तो कितव्या क्रमांकावर होता यावरून होत नाही. टिकाऊपणाबद्दल मी फारसं लिहीत नाही, कारण त्यात तुलना करण्यासारखं थोडं आहे. बिनवायरीच्या बहुतेक बड्समध्ये बॅटरी इवलीशी, बदलता न येणारी, आणि दोनेक वर्षांत ती सगळ्यांचीच थकते. त्याआधीच ‘डावा गेला’ अशी तक्रार आली, तर जाळीवर साचलेला कानातला मळ कोरड्या मऊ ब्रशने काढून बघावा. पुष्कळ डावे असे जिवंत होतात.

तेव्हा नवी जोडी मागवण्याआधी घरातल्या जुन्या जोडीची डबी शोधा. तिच्या तळाशी लहान आणि मोठ्या टोप्यांचं एक प्लॅस्टिकचं पाकीट असेल, बहुधा न फोडलेलं, कारण कारखान्यातून मधल्या मापाची टोपी लावून येते आणि ती तशीच राहते. ते फोडा, दोन्ही मापं दोन्ही कानांत लावून बघा, डाव्याला एक आणि उजव्याला दुसरं लागलं तर खुशाल तसं ठेवा, आणि त्रितालातला डग्गा परत आला तर पुढची खरेदी रद्द करा.